कोणता राखणदार गैरहजर आहे?

ज्वारी निसवून कणसात दाणा भरू लागला की शेतात माळा उभा राहतो. दिवसा गोफण फिरते, रात्री डबे वाजतात. तरीही कधी नुकसान होतेच. अशा वेळी जाणता शेतकरी नुसते किती गेले ते पाहत नाही, कसे गेले ते पाहतो. कणसाचे दाणे टिपलेले असले तर पाखरे, ताटे बुडाशी कुरतडलेली असली तर उंदीर, ताटे आडवी पडून माती उकरलेली असली तर रानडुक्कर. यावरून त्याला कळते की दिवसाचा राखणदार नव्हता की रात्रीची जागल चुकली.

शरीराच्या राखणीचेही असेच आहे. आपल्या रक्तात निरनिराळ्या कामाचे राखणदार असतात. काही मुले अशी जन्माला येतात की त्यांच्यात एखादा राखणदार मुळातच नसतो किंवा असूनही त्याला काम करता येत नाही. कोणता रोग त्या मुलाला पुन्हा पुन्हा गाठतो यावरून कोणता राखणदार गैरहजर आहे, हे डॉक्टरांना ओळखता येते. अशा पाचशेहून अधिक जन्मजात उणिवा आज वैद्यकाला ठाऊक आहेत. एकेक उणीव विरळ आहे, पण ज्या घरात ती असते तिथे एकामागून एक मूल जाते आणि कारण कधीच कळत नाही. म्हणून हा विषय घरोघरी माहीत हवा.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे उगाच कोणी घाबरू नये. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे हे नेहमीचेच आहे. अंगणवाडीत जाऊ लागले की जास्तच होते. मूल मधल्या काळात खेळते, खाते, बाळसे धरते, तर त्याचे राखणदार जागेवर आहेत असे समजावे.

राखणदार तयार होतात कुठे?

रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाची एक जात आहे. तिच्यात दोन मोठी घराणी: बी पेशी आणि टी पेशी. दोन्हींचा जन्म हाडांच्या मगजात होतो. बी पेशींचे काम प्रतिद्रव्ये तयार करण्याचे. प्रतिद्रव्य म्हणजे जंतूला जाऊन चिकटणारा पदार्थ. तो चिकटला की जंतू ओळखू येतो आणि मारला जातो.

टी पेशी मात्र मगजातून निघून थायमस नावाच्या ग्रंथीत शिकायला जातात. ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला असते. लहानपणी मोठी असते, वय वाढेल तशी सुकत जाते. तिचा उपयोग काय, हे फार काळ कोणाला माहीत नव्हते. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर या संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. त्या पिल्लांच्या रक्तातले लिम्फोसाइट घटले, ती खंगली आणि रोगांनी मेली. तेव्हा कळले की राखणदारांची शाळा ती हीच.

या शाळेची परीक्षा कडक असते. जी पेशी आपल्याच शरीरावर उठेल तिला तिथेच संपवतात, जी काही ओळखूच शकत नाही तीही बाद होते. बहुतेक पेशी नापास होतात. उफणणीत फोल उडून भरलेला दाणा खाली पडावा, तशा मोजक्या पेशी बाहेर येतात. त्यांना वेगवेगळी कामे वाटून दिलेली असतात.

कामे निरनिराळी, खुणा निरनिराळ्या

पहिली मदतनीस टी पेशी. ही स्वतः फारशी लढत नाही, हाकारा देते. तिचा हाकारा मिळाल्याशिवाय बी पेशीला पक्की प्रतिद्रव्ये करता येत नाहीत आणि दुसऱ्या लढणाऱ्या पेशीही सुस्त राहतात. एका जन्मजात आजारात या पेशी असतात, पण बी पेशीला इशारा देण्याचा त्यांचा हातच नसतो. मग बी पेशी सुरुवातीचे कच्चे प्रतिद्रव्य तेवढे करत राहतात, पुढचे होत नाही. अशा मुलाला एका विशिष्ट बुरशीचा न्यूमोनिया होतो, जो निरोगी मुलाला होत नाही. जुनाट जुलाबही लागतात.

इथे एक खुलासा करायला हवा. एड्सचा विषाणूही याच मदतनीस पेशी मारतो, म्हणून दोन्ही आजारांची लक्षणे पुष्कळदा सारखी दिसतात. पण एड्स हा बाहेरून आलेल्या विषाणूचा आजार आहे आणि आपण बोलतो आहोत ती उणीव जन्मतः आलेली आहे. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. असे मूल पाहून गावात कुजबुज करणे म्हणजे दुखावलेल्या घराला आणखी दुखावणे.

मदतनीसांमध्येही पोटभेद आहेत. एक जात क्षयाच्या जातीच्या जंतूंविरुद्ध इतर पेशींना तयार करते. तिचा निरोप पोहोचला नाही तर क्षय, विषमज्वराच्या कुळातले जंतू आणि खुद्द बीसीजीच्या लसीतला सौम्य जंतूसुद्धा मुलाच्या अंगात पसरतो. दुसरी एक जात बुरशीवर आणि कातडीवरच्या जंतूंवर नजर ठेवते. ती नसली की तोंडातला पांढरा थर हटत नाही, कातडीवर गळवे येतात. अशा एका आजारात तर दुधाचे दात वेळेवर पडतच नाहीत, मागून नवे दात येतात. दाताची खूण पाहून रक्तातली उणीव कळावी, ही नवलाची गोष्ट खरी.

तिसरी मारक टी पेशी. विषाणू आपल्या पेशीच्या आत शिरून बसला की प्रतिद्रव्याचा तिथे इलाज चालत नाही. तेव्हा मारक पेशी त्या बाधलेल्या पेशीला भोक पाडून तिच्यात विष सोडते आणि तिला विषाणूसकट संपवते. हे भोक पाडणारे हत्यारच जन्मतः बोथट असले तर? पेशी शत्रूला धरते, पण मारू शकत नाही. मग ती मदतीसाठी ओरडतच राहते, सारे राखणदार गोळा होतात आणि धुमाकूळ घालतात. बाळाचा ताप उतरत नाही, यकृत आणि प्लीहा वाढते, रक्तातल्या पेशी घटत जातात. हा ताप औषधाने उतरत नाही म्हणून नुसती औषधे बदलण्यात दिवस घालवणे धोक्याचे असते.

चौथी नियामक टी पेशी. राखण करणाऱ्या कुत्र्याला साखळी लागते, नाही तर तो घरच्याच वासराला धरील. ती साखळी म्हणजे या पेशी. जपानचे शिमॉन साकागुची यांनी १९९५ साली या पेशी दाखवून दिल्या. अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली एका आजारी उंदरांच्या कुळात बिघडलेला जीन शोधून काढला आणि माणसाच्या मुलांमध्येही तोच जीन बिघडलेला असतो हे दाखवले. या तिघांना २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जीन बिघडलेल्या मुलग्यात नियामक पेशी काम करत नाहीत. तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि अंगभर इसब अशी तिन्ही दुखणी एकत्र दिसतात. इथे जंतूंचा दोष कमी, आपलेच राखणदार घरावर उठलेले असतात.

आता बी पेशी. १९५२ साली अमेरिकेतले लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला चार वर्षांत एकोणीस वेळा रक्तात जंतू पसरण्याचा गंभीर आजार झाला होता. त्यांनी त्याचे रक्त तपासले तर प्रतिद्रव्ये जवळपास नव्हतीच. इतरांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्ये त्यांनी त्याला दर महिन्याला टोचली आणि ते आजार थांबले. या आजारात मूल सहसा पाच-सहा महिने बरे असते, कारण आईची प्रतिद्रव्ये वारेतून आलेली असतात. ती शिदोरी संपली की कान फुटणे आणि न्यूमोनिया सुरू होतो.

सारेच राखणदार नसले तर

सर्वांत वाईट आजार तो, ज्यात टी पेशीच नसतात आणि त्यांच्याविना बी पेशीही निकामी ठरतात. अशा बाळाला पहिल्या काही महिन्यांतच न्यूमोनिया, जुलाब, तोंडात पांढरी बुरशी होते आणि उपचार झाला नाही तर बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच ते दगावते. अमेरिकेत सरसकट नवजात बाळांची तपासणी सुरू झाल्यावर सुमारे ५८,००० जन्मांमागे असे एक बाळ आढळले.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात २१ सप्टेंबर १९७१ रोजी डेव्हिड व्हेटर या मुलाचा जन्म झाला. त्याचा थोरला भाऊ याच आजाराने सात महिन्यांचा होऊन गेला होता. म्हणून डॉक्टर आधीच तयार होते. जन्मल्यावर काही सेकंदांतच त्याला जंतुरहित प्लॅस्टिकच्या बंद तंबूत ठेवले. हवा गाळून, अन्न, पाणी आणि कपडे निर्जंतुक करून आत जायचे. आईबाप त्याला हात लावायचे ते तंबूला जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून. बारा वर्षे तो असा जगला.

१९८३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला बहिणीच्या हाडांचा मगज देण्यात आला, नवे राखणदार रुजावेत म्हणून. पण त्या मगजात एक विषाणू दडून आला होता. बहिणीला त्याचा त्रास नव्हता, पुष्कळ माणसांत तो निमूट पडून असतो. डेव्हिडमध्ये त्याला अडवणारी टी पेशी नव्हती. त्यातून कर्करोग झाला. शेवटच्या दिवसांत त्याला तंबूबाहेर काढले आणि आईने पहिल्यांदाच उघड्या हाताने मुलाला स्पर्श केला. २२ फेब्रुवारी १९८४ रोजी तो गेला. त्याच्या आजारामागचा बिघडलेला जीन १९९३ साली सापडला.

या कहाणीतून घेण्यासारखे काय? थोरला भाऊ गेला त्याचे कारण कळले होते, म्हणूनच धाकट्याला निदान संधी मिळाली. आज ती संधी पुष्कळ मोठी आहे. अमेरिकेत २००० ते २००९ या काळात उपचार झालेल्या बाळांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. साडेतीन महिन्यांच्या आत ज्यांना मगज दिला गेला, त्यांच्यातली शंभरातली नव्वदाहून अधिक बाळे वाचली. जंतू अंगात घुसल्यावर उशिरा उपचार झाला तेव्हा यश कमी आले. म्हणजे इथेही पेरणीसारखेच, वाफसा गेला की बी तेच असून उगवण बिघडते.

दोष कोणाचा?

तान्ही मुले एकामागून एक गेली की पहिला बोल सुनेला लागतो. ती पांढऱ्या पायाची ठरते, कोणी नजर लागली म्हणतो, कोणी कुलदैवताचा कोप. खरे कारण जीनमध्ये असते आणि जीन कोणी निवडून घेत नाही.

काही आजारांत बिघडलेला जीन आईच्या एक्स गुणसूत्रावर असतो. स्त्रीला दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा निभावून नेतो, म्हणून ती स्वतः निरोगी असते. मुलग्याला एकच एक्स मिळतो. तो बिघडलेला मिळाला तर तो आजारी पडतो. प्रत्येक मुलग्याला हा धोका निम्मा असतो. अशा घरात चौकशी केली तर बाळाचे मामा किंवा आईचे मामा तान्हेपणी गेल्याचे कळते. म्हणून सुनेच्या माहेरची हकीकत विचारायची ती बोल लावायला नव्हे, पुढचे बाळ वाचवायला. कधी कधी बिघाड त्या बाळातच नव्याने होतो आणि घराण्यात काहीच सापडत नाही.

दुसऱ्या काही आजारांत आई आणि बाप दोघांकडेही एकेक बिघडलेला जीन लपलेला असतो. दोघेही धडधाकट असतात. दोन्ही बिघडलेले जीन एकाच बाळाकडे आले की आजार होतो. प्रत्येक गरोदरपणी हा धोका चारात एक, मग मुलगा असो की मुलगी. नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले असले तर दोघांकडे एकच लपलेला बिघाड असण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. अशी सारी लग्ने वाईट ठरतात असे नाही, पण ज्या घराण्यात तान्ही मुले जंतूंच्या आजाराने गेली आहेत, तिथे पुन्हा नात्यातच सोयरीक जुळवताना दहादा विचार करावा.

लस आणि हे आजार

आपल्या देशात बाळ जन्मताच बीसीजी टोचतात आणि पोलिओचे थेंब देतात. या दोन्ही लशींत जिवंत पण कमजोर केलेला जंतू असतो. निरोगी बाळाला तो शिकवतो, त्रास देत नाही. टी पेशी नसलेल्या बाळात मात्र बीसीजीचा जंतूही पसरू शकतो. बीसीजीच्या जागी फोड येऊन व्रण राहणे हे चांगले लक्षण आहे, काखेत लहानशी गाठ निरोगी बाळालाही कधी येते. पण जखम भरतच नाही, गाठी वाढून फुटतात, दुसरीकडेही गाठी येतात, ताप राहतो, वजन घटते, असे दिसले तर ते लशीचे नव्हे, राखणीचे दुखणे असू शकते. डॉक्टरांना तसे विचारा.

याचा अर्थ लस टाळावी असा मुळीच नाही. लाखो मुले लशींमुळेच वाचली आहेत. ज्याच्याकडे राखणदार नाही, त्याच्या भोवतीच्या मुलांना लस दिलेली असणे हाच त्याचा मोठा आधार असतो. फक्त ज्या घरात आधी तान्हे मूल अशा आजाराने गेले आहे, त्यांनी पुढच्या बाळंतपणाआधीच डॉक्टरांना आणि आशाताईंना तसे सांगावे. मग बाळाचे रक्त तपासून बीसीजी आणि पोलिओचे थेंब कधी द्यायचे, ते डॉक्टर ठरवतील.

एक साधा हिशेब

तालुक्याच्या गावीही होणारी एक रक्ततपासणी आहे. तिला सीबीसी म्हणतात. तिच्या कागदावर एकूण पांढऱ्या पेशी किती आणि त्यांत लिम्फोसाइट शेकडा किती, हे लिहिलेले असते. समजा पांढऱ्या पेशी ७,००० आणि लिम्फोसाइट २० टक्के. गुणाकार केला की १,४०० येतात. मोठ्या माणसाला हा आकडा चालतो, म्हणून कागदावर लाल खूणही दिसणार नाही. पण तान्ह्या बाळाचे लिम्फोसाइट मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतात. पहिल्या वर्षात हा आकडा ३,००० च्या खाली असला तर "डॉक्टरसाहेब, बाळाचे लिम्फोसाइट कमी नाहीत ना?" असे विचारावे. एखाद्या आजारात ते तात्पुरतेही घटतात, म्हणून तपासणी पुन्हा करतात. उलट आकडा ठीक असूनही उणीव असू शकते. तेव्हा हा शेवटचा निवाडा नव्हे, पहिली खूण समजावी.

पुढची तपासणी म्हणजे टी, बी आणि इतर पेशी वेगवेगळ्या मोजणे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या आजारांच्या तपासण्या होतात. जीन नेमका कळला तर पुढच्या गरोदरपणी सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करता येते.

उपचार महाग आहे, पण वाट बंद नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात मगज देऊन बऱ्या होणाऱ्या अशा काही उणिवांचा समावेश आहे. २०२२ पासून ठरावीक केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि केईएम त्यांपैकी एक आहे. मगज देणाऱ्या भावंडाचे कायमचे नुकसान होत नाही, काढलेला मगज काही आठवड्यांत भरून येतो. भावंडाचा जुळला नाही तर आईचा किंवा बापाचाही वापरता येतो.

घरात लावून ठेवा

पुढील गोष्टी दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांना गाठा आणि "याची राखणशक्ती तपासायची का?" असे स्पष्ट विचारा:

– वर्षात दोन किंवा जास्त वेळा न्यूमोनिया, किंवा चार किंवा जास्त वेळा कान फुटणे;
– दोन महिने औषधे देऊनही फरक न पडणे, सलाइनमधून औषध दिल्याखेरीज बरे न होणे;
– वजन न वाढणे, जुलाब न थांबणे;
– तोंडातली पांढरी बुरशी न हटणे, पुन्हा पुन्हा खोल गळवे होणे;
– घराण्यात, आईच्या वा बापाच्या बाजूने, तान्ही मुले जंतूंच्या आजाराने गेलेली असणे.

आणखी एक ध्यानात ठेवा. टी पेशी नसल्याचा संशय असलेल्या बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर ते किरणांनी प्रक्रिया केलेलेच असावे लागते. साध्या रक्तातल्या परक्या टी पेशी त्या बाळाच्याच शरीरावर उठतात आणि ते जिवावर बेतते. संशय असेल तर तो रक्त लावण्याआधी बोलून दाखवा.

ज्या घरी असे मूल गेले आहे, तिथे एका वहीत चार ओळी लिहून ठेवाव्यात: मूल कितव्या महिन्यात गेले, काय झाले होते, कोणत्या दवाखान्यात होते, रक्ताचे कागद कुठे आहेत. दुःखाचे कागद जवळ ठेवू नयेत असे वाटेल, पण हे कागद जपावेत. सून पुन्हा गरोदर राहिली की तिला बोल न लावता सासूने स्वतः ती वही घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.